बांधाला लावलेलं नाव

वेळ कुणाच्या बापाचा नसतो, असं आमचा धर्माजी वकील हल्ली भाषणात सांगतो. बापाचा नसेल. पण त्याच्या बहिणीचा होता, आणि तो त्यानं कसा वापरला हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी त्याचा चुलतभाऊ काळूराम, बेंडखारच्या मराठी शाळेतला मास्तर. धर्माजीवर लिहायला पुष्कळ लोक आहेत, वर्तमानपत्रात त्याचा फोटोही येऊन गेला. राहीवर कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. गोड लिहायचं माझ्या मनात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव धरमतरच्या खाडीला टेकलेलं. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक बांध, तेवढाच काय तो आधार. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी बांधाच्या गळ्याशी येतं. कुठे खेकड्यानं पोखरलेलं असलं, कुठे लाटेनं माती खाल्लेली असली, की बांध फुटतो. त्याला आम्ही खांड म्हणतो. खारं पाणी एकदा आत शिरलं की ती जमीन पुढली दोन-तीन वर्षं भात देत नाही. म्हणून बांध राखायला साऱ्या गावाचा मिळून एक गट, म्हणजे जोळ असतो. जोळात घरटी एक गडी, आणि प्रत्येक घराला बांधाचा आपला हिस्सा वाटून दिलेला. उधाणाला ज्यानं त्यानं आपल्या हिश्शावर उभं राहायचं. भाड्याचा माणूस चालत नाही, शेजारीही चालत नाही. पाणी सगळ्या हिश्शांवर एकदमच चढतं, एक गडी दोन ठिकाणी कसा पुरणार? ज्या घराचा गडी बांधावर नाही ते घर जोळाबाहेर, आणि जोळाबाहेरच्या घराची शेती कुणी राखत नाही.

गडी लावायची रीत अशी, की घरच्या कर्त्यानं आपल्या हिश्शावर नारळ फोडायचा आणि गड्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. ते नाव काढायचं तर त्याच कर्त्यानं पुन्हा तिथेच नारळ फोडून दुसरं नाव घ्यायचं, नाहीतर जमीनच दुसऱ्याच्या हवाली करायची. त्यानं नाही केलं तर नाव तसंच राहतं.

धर्माजी अलिबागच्या शाळेतून मॅट्रिक झाला त्याच साली त्याचा बाप तापानं गेला. घरात आई आवडाबाई, धर्माजी आणि त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान राही. राहीची सुपारी बापानं जाण्याआधीच फोडली होती. खाडीपलीकडच्या गावातल्या बाबाजीच्या मुलाला, भागोजीला, ती देऊ केली होती. पोरगा कामाचा, बोलायला कमी आणि हसायला जास्त. लग्न येत्या उन्हाळ्यात धरलं होतं.

दिवसकार्य उरकलं आणि जोळ बसला. जोळाचा पुढारी बाळाजी पाटील. त्यानं सरळ विचारलं, "बांधावर तुमचा कोन रं धर्माजी?"

धर्माजी उभा राहिला. खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला. आमच्यातला कुणी असा कागद घेऊन जोळासमोर उभा राहिल्याचं गावानं पाहिलं नव्हतं. तो शाळेतल्या मराठीत बोलू लागला. आधी कॉलेजचं पहिलं वर्ष म्हणजे प्रीव्हियस, मग इंटर, मग बी.ए. कुठली परीक्षा कधी, तिची तयारी कधी, सगळं आखलेलं. "माणसानं आधी ध्येय ठरवावं आणि मग त्याकडे पायरीपायरीनं जावं," तो म्हणाला. "गावातला एक पोरगा शिकला तर उद्या सरकारात गावाचं कसं ऐकतात ते तुम्हीच बघा. मला फक्त वेळ द्या."

"त्यो दिला. पन बांधावर कोन?" पाटलानं पुन्हा विचारलं.

"राही उभी राहील. मी बी.ए. होईपर्यंत."

बाईमाणसाचं नाव बांधाला लागल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. कुरकूर झाली. पण 'गावाचा वकील' हे शब्द त्या दिवशी कुणीतरी पहिल्यांदा उच्चारले आणि म्हातारे विरघळले. बाबाजीही तिथे होता. तो म्हणाला, "आमी थांबू. पोरीचा भाव शिकतोय, त्यात आमचीबी शोभा हाय." राहीला कुणी विचारलं नाही. ती दाराआड होती. मागून तिनं एवढंच म्हटलं, "दादूस शिकूंदे. मी काय मातीची हाय विरघलाया?"

धर्माजीनं बांधावर नारळ फोडला आणि बहिणीचं नाव घेतलं. इथेच चूक झाली. नाव लावायची एवढी घाई झाली, की ते निघणार कसं याचा विचार कुणी केला नाही. जोळाच्या रीतीत गडी म्हणजे पुरुष, आणि पुरुष कुठे लग्न करून सासरी जात नाही. त्यामुळे लग्न होऊन जाणाऱ्या गड्याचं काय करायचं हे त्या रीतीत कुठेच नव्हतं; नाव निघेपर्यंत राहीला सासरी जाता येणार नव्हतं. कागद वाचून दाखवणाऱ्या धर्माजीच्या तरी ते ध्यानात यायला हवं होतं.

पहिल्याच श्रावणात पुनवेला आमच्या बाजूला खांड गेली. "खांड गेली रं!" अशी ओरड झाली आणि आम्ही धावलो. फुटलेल्या जागी आधी माणसं पाण्याकडे पाठ करून हातात हात गुंतवून बसतात, मग त्यांच्या अंगाआड पेंढा आणि चिखल पडतो. राही कास मारून त्या ओळीत बसली, माझ्याच शेजारी. पाणी मानेपर्यंत आलं, कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तिच्या पोटऱ्या फाडल्या, पण तिनं हात सोडला नाही. ओहोटी लागेपर्यंत आम्ही खांड धरली. वर आल्यावर बाळाजी पाटील तिला म्हणाला, "शाबास गडी!" सगळे हसले, तीही हसली. त्या दिवसापासून तिचं नाव राहीगडी पडलं. पहिल्या वर्षी त्यात कौतुक होतं. पुढे पुढे लोक ते नुसतंच म्हणू लागले, आणि त्यातली थट्टा कधी बोचायला लागली ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत धर्माजी मुंबईच्या कॉलेजातून आला तो एक पुठ्ठा घेऊन. त्याच्या कॉलेजातल्या एका प्रोफेसरांनी वेळापत्रक करायला शिकवलं होतं. रेघा मारून दिवसाचे चौकोन पाडलेले: पहाटे पाठांतर, मग गणित, मग कॉलेज, संध्याकाळी पाय मोकळे करणं, रात्री उजळणी. तो त्यानं दारावर खिळ्यानं ठोकला. सुट्टीतही तो त्या पुठ्ठ्याबाहेर गेला नाही. राही पहाटे उठून त्याला चहा देई, पाणी तापवून देई, तो पाठ करत बसला की कोंबड्या लांब हाकलून येई.

"ह्यात पानी कवा भरायचा, त्ये कुठं लिवलाय?" एकदा तिनं मला विचारलं. मला वाटलं थट्टा करते आहे. ती खरंच पुठ्ठ्याकडे बघत होती.

खोटं बोलणार नाही, धर्माजीची अभ्यासाची रीत चांगलीच होती. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, काय वाचलं ते आपल्या शब्दांत मोठ्यानं सांगायचं, अडलं तेवढंच पुन्हा बघायचं. अवघड विषय डोकं ताजं असताना घ्यायचा, सोपा नंतर. मोठ्या कामाचे तुकडे पाडायचे आणि रोज एक तुकडा संपवायचाच. मी माझ्या शाळेतल्या पोरांना आजही हेच सांगतो. अभ्यासाबाबत तो कधी चुकला नाही, आणि माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो. नापास झाला असता तर घरी आला असता.

तो प्रीव्हियस झाला, इंटर झाला, बी.ए.ही झाला. एकाही परीक्षेत अडकला नाही. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा राहीनं वाण्याकडून चांगला पाणीदार नारळ आणला आणि हळद लावून देव्हाऱ्याजवळ ठेवला. धर्माजी येईल, नारळ फोडेल, बांध सोडवेल. तो आला. जेवताना म्हणाला, "नुसत्या बी.ए.ला आता कोण विचारतं? ध्येय वाढवायला हवं. एल.एल.बी. करतो. मग आईला मुंबईला नेतो, जमीन कुणाला तरी देऊन टाकतो, म्हणजे सगळंच सुटेल. आता मधेच घडी मोडायला नको."

आवडाबाई म्हणाली, "आनि पोरीचा लगीन?"

"होईल ना. ते कुठं पळून चाललंय?"

तो गेल्यावर नारळ दोन दिवस तसाच होता. तिसऱ्या दिवशी राहीनं तो फोडला, खवला, आणि कोलंबीच्या कालवणात घातला. मी त्या दिवशी तिथेच जेवलो. कालवण फार चांगलं झालं होतं. पुढे हे ठरूनच गेलं. धर्माजी येणार म्हटलं की देव्हाऱ्याजवळ नारळ, तो गेला की कालवणात.

एल.एल.बी.चं शेवटचं वर्ष संपत आलं तेव्हा भागोजी माझ्याकडे आला. बापाशी भांडून आला होता. बाबाजीचा धीर सुटला होता, तो दुसरी मुलगी बघत होता. भागोजी शाळेच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, मी हितंच येऊन ऱ्हातो. तिच्या जागी मी उभा ऱ्हाईन बांधावर. धर्माजीचा शिक्षन होऊंदे, मंग बगू."

आमच्यात घरजावई म्हणजे जन्माची चेष्टा. पाण्यावर जाणाऱ्या बायकासुद्धा टोमणे मारतात. आणि हा गडी ते आपणहून मागायला आला होता. मी बाळाजी पाटलाला विचारलं. पाटील म्हणाला, "जावय म्हंजे घरचाच. जोळाची ना न्हाय. पन धर्माजीनं येऊन नाव घ्याया पायजे, त्याच्याच हातानं." एक दिवसाचं काम होतं. नारळ, नाव, आणि लाँचनं परत.

मी आणि भागोजी लाँचनं मुंबईला गेलो. धर्माजी वसतिगृहात होता. भिंतीवर तोच पुठ्ठा, नव्या रेघांचा. त्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता कराराचा कायदा चाललाय. पाय मोकळे करायला निघेन तेव्हा निवांत बोलू." तोवर आम्ही खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिलो. आतून तो कलमं मोठ्यानं म्हणत असल्याचं ऐकू येत होतं.

त्याच्या फिरण्याच्या वेळात आम्ही त्याच्याबरोबर चाललो. तो भरभर चालायचा. भागोजीनं आपलं म्हणणं कसंबसं सांगितलं. धर्माजीनं ऐकून घेतलं, आणि दमात न घेता, समजूत घालावी तसं बोलला.

"भागोजी, तुझं मन मोठं आहे. पण परीक्षा तोंडावर आली आहे. आता गावी जाऊन यायचं म्हणजे एक दिवस जाण्यायेण्यात, आणि लक्ष उडतं ते वेगळंच, ते परत बसायला चार दिवस. आणि घरजावई... उद्या मी कोर्टात उभा राहिलो की लोक काय म्हणतील? परीक्षा झाली की मी येतो, आपण नीट आखून ठरवू."

"एक दिस दादा," भागोजी म्हणाला. "मी आजवर काय मांगला न्हाय तुमच्याकडं."

"हेच तर शिकायचं असतं," धर्माजी म्हणाला. "एकेक दिवस करूनच वर्षं जातात."

हे वाक्य त्यानं कुणाला ऐकवलं हे त्याला कधी कळलं नाही. मी त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. मी मास्तर माणूस, मारली नाही. परतताना लाँचवर भागोजी रेवसच्या धक्क्यापर्यंत कठड्याला धरून उभा होता.

परीक्षा झाली. धर्माजी आला नाही, कारण मग सनदेची खटपट होती, आणि मग एका मोठ्या वकिलाच्या हाताखाली जागा मिळाली. शिमग्यानंतर भागोजीचं लग्न झालं, दुसऱ्या मुलीशी. राहीला ते पाटलाच्या सुनेकडून कळलं, बांधावर चिखल टाकताना. तिनं हातातली पाटी भरली, टाकली, पुन्हा भरली. घरी आली तेव्हा देव्हाऱ्याजवळचा नारळ तिनं कोयत्यानं फोडला आणि सगळा पुऱ्या गावाच्या पोरांना वाटून टाकला. मग चुलीपाशी बसून रडली. आवडाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला तर म्हणाली, "आये, मना हात नको लावू." तिला एवढी रडताना मी पुन्हा कधी पाहिली नाही.

धर्माजीचं लग्न ठाण्याच्या एका शिकलेल्या मुलीशी झालं. आवडाबाईला मुंबईला न्यायचं राहूनच गेलं, ती बेंडखारलाच वारली. मग त्या घरात राही एकटी. आता लग्नाचा प्रश्नच उरला नव्हता. पण बांध होता. खाऱ्या पाण्यात उभं राहून तिचे पाय फुटले, गुडघे सुजून राहू लागले. उधाणाच्या दिवशी ती काठी टेकत बांधावर जायची. रेवदंड्याची तिची मावशी तुळशी एकटी होती, नारळी-पोफळीच्या वाडीत राहायची. ती सारखी बोलवायची, "ये गो, माज्यासंगं ऱ्हा." जायचं तर जमीन कुणाच्या तरी हवाली व्हायला हवी होती. माझा धाकटा भाऊ चांगदेव ती करायला तयार होता. पुन्हा तेच, धर्माजीनं येऊन नारळ फोडायचा.

"सोडून जा की सरळ," मी एकदा चिडून म्हणालो. "पडू दे जमीन."

"आनि माज्या हिश्शातनं पानी शिरला तर तुमची शेती न्हाय बुडायची?" ती म्हणाली. "मी बसलेय ना रं तुमच्याबरूबर खांडीत."

मग परवा, या मार्गशीर्षात, धर्माजी आला. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटातली जी चार-सहा पोरं आता कॉलेजात जातात त्यांनी त्याचा सत्कार ठेवला होता, आमच्याच गावात, देवळापुढच्या अंगणात. विषय 'विद्यार्थी आणि वेळेचा सदुपयोग.' पुनव होती. कुणाच्याही लक्षात आलं नाही, उधाणाच्या दिवशी सभा ठेवली. मोटार थेट देवळापर्यंत आली. धर्माजी जाड झाला आहे, केस मागे सारतो, खिशात साखळीचं घड्याळ. भाषण सुरेख केलं. पोरं वह्यांत उतरवून घेत होती. ध्येय कागदावर लिहा. दिवसाचे तुकडे पाडा. आधी अवघड, मग सोपं. आणि शेवटी: "मी गरिबीतून वर आलो. मला कुणाचं पाठबळ नव्हतं. माझ्याकडे एकच धन होतं, वेळ. आणि मी कुणाचा एक तासही उसना घेतला नाही."

टाळ्या पडल्या. मी मागे वळून पाहिलं. राही पारापाशी उभी होती, बांधावर जायच्या वेशात, कास मारलेली, काठी टेकलेली. दुसऱ्या हातात हळद लावलेला नारळ होता. ती ऐकत होती. टाळ्या थांबल्या तशी ती त्याच्याकडे चालत आली. लोकांनी वाट दिली.

तिनं नारळ पुढे धरला. टेबलावर शालीशेजारी सत्काराचे नारळ होतेच. धर्माजीनं तिचा नारळ दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि त्याचे डोळे भरून आले.

"राही, तू पण?" तो म्हणाला. "मंडळी, ही माझी धाकटी बहीण. हिचा आशीर्वाद म्हणजे..." पुढे त्याला बोलवेना. लोक हेलावले. कुणीतरी तो नारळ इतर नारळांबरोबर टोपलीत ठेवला आणि टोपली मोटारीत नेली.

राही मोटारीत जाणाऱ्या टोपलीकडे बघत राहिली. मी मात्र उठलो आणि मोटारीपाशी जाऊन त्याच्या कानाशी म्हणालो, "धर्मा, तो तुझ्यासाठी नाही. बांधासाठी आहे. तिचं नाव अजून बांधालाच लागलेलं आहे. इथून शंभर पावलं. उतर."

तो क्षणभर गोंधळला. खरंच विसरला होता, हे त्याच्या तोंडावर दिसलं, आणि तेच मला जास्त लागलं. मग त्यानं घड्याळ काढलं.

"अरे हो, ते राहूनच गेलं की. पण आता रेवसची लाँच चुकेल, उद्या सकाळीच कोर्ट आहे. पुढच्या खेपेला नक्की. तू मला आठवण कर, मी टिपून ठेवतो." मोटार चालू झाली. जाताना खिडकीतून त्यानं मला एक छापील वेळापत्रक दिलं, शाळेच्या भिंतीवर लावायला.

धूळ खाली बसली तेव्हा राही माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता तरी ती त्याला शिव्या देईल. मी तरी तयार होतो.

"आज नारल कालवनात तरी न्हाय गेला," ती म्हणाली, आणि काठी उचलून बांधाच्या वाटेला लागली. भरती चढायला लागली होती.